चौकातलं अभिनंदन

१४ नोव्हेंबर

काल दुपारी हुपरीच्या शाळेत हंबीरराव सरांची जीभ दुसऱ्या ओळीवर अडकली, आणि तिथंच माझं सगळं बदललं.

नीट लिहितो. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडल्यापासून पेन फक्त बिलावर सही करायला हातात घेतलाय. आमचे मालक कोल्हापुरात राजारामपुरीत डिजिटल बोर्ड, म्हणजे चौकाचौकातले फ्लेक्स, छापतात. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, जे म्हणाल ते. डिझाइन मी करतो. शिवाय मालक प्रोजेक्टर भाड्यानं देतात, आणि तो घेऊन व्हॅनमधून मीच जातो. काल शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. विषय डिस्लेक्सिया. मला वाटलं, कसला तरी ताप असणार.

पहिला तास स्वागतात गेला. फेटे, शाली, नारळ. हंबीरराव सर त्या शाळेचे मुख्याध्यापक, त्यांचंच भाषण सगळ्यात लांब. मग प्रशिक्षण देणाऱ्या अनुजा मॅडम उठल्या. एका संस्थेत काम करतात. साधा ड्रेस, फेटा नको म्हणाल्या होत्या. त्यांनी सरांच्या हातात एक कागद दिला आणि म्हणाल्या, "सर, मोठ्यानं वाचून दाखवा." उतारा मराठीतच होता, पण अक्षरं उलटीपालटी केलेली, काने-मात्रे भलतीकडं. सर पहिल्या ओळीत धडपडले, दुसऱ्या ओळीवर थांबलेच. मॅडम म्हणाल्या, "लवकर सर. सोपं तर आहे. घरी अभ्यास करत नाही का?" शिक्षक हसायला लागले. सरांचं तोंड लाल. कागद टेबलावर आपटून म्हणाले, "ही काय चेष्टा लावलीया?"

मॅडमनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "सर, तुमच्या वर्गात कुणीतरी पहिलीपासून रोज हाच कागद वाचतंय."

कुणी हसलं नाही. माझा हात रिमोटवर तसाच. पुढची स्लाइड यायला हवी होती, पण मला ते सुचलंच नाही.

निघताना मॅडम माझ्याशी बोलल्या. "वायर नीट गुंडाळा हं, मागच्या वेळी तुटली होती."

१५ नोव्हेंबर

इथं नुसतं 'अनुजा' लिहून बघितलं. बरं वाटलं. पण पुढं मॅडमच लिहितो, नाहीतर एखाद्या दिवशी तोंडातून निघून जायचं. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. असू देत.

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा मोबाइलवर उतरवून घेतला. कलम सोळा: वाचन-लेखनाची अडचण असलेलं मूल लवकरात लवकर ओळखायचं आणि त्याला मदत करायची. कलम सतरा: त्यासाठी शिक्षक तयार करायचे. दोन्ही पाठ केली. कॉलेजात एवढं पाठ केलं असतं तर आज वडील माझ्याशी बोलत असते.

२६ नोव्हेंबर

डोकं फुटायची वेळ आलीय. हंबीरराव सरांनी प्रशिक्षणातून काय घेतलं, तर दहावीची अख्खी ढ तुकडी डिस्लेक्सियाच्या दाखल्याला पाठवायची. "सवलत मिळू दे की सगळ्यांना, शाळेचा निकाल शंभर टक्के लागतोय," म्हणे! आज दुसरं सत्र होतं. मॅडमनी एकेका पोराला समोर बसवून वाचायला लावलं, लिहायला लावलं, गप्पा मारल्या. बहुतेकांना फक्त अभ्यासाचा कंटाळा. मॅडम म्हणाल्या, "तपासणी दवाखान्यात होईल ती खरी, पण मला या मुलीची खात्री आहे."

मुलीचं नाव शांभवी. तोंडी विचारलं तर उत्तर तयार. पृथ्वीच्या पोटात काय काय चालतं ते असं सांगितलं की मला पहिल्यांदाच कळलं. आणि कागदावर लिहिलं तेव्हा 'ज्वालामुखी' तीन ओळींत तीन तऱ्हेचा.

एक शिक्षक म्हणाले, "मॅडम, हे समदं खरं. पण मतदार याद्या, ऑनलाइन माहिती, खिचडी, ह्यातनं पोरास्नी बघायचं कवा?" मला राग आला, मी मधेच म्हणालो, "कलम सतरा वाचा!" मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मग त्या शिक्षकांना म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. एवढा एक तक्ता ठेवा, आठवड्याला दहा मिनिटं लागतील." मला वाटलं होतं, माझं बरोबर आहे म्हणतील.

३० नोव्हेंबर

शांभवीच्या घरी गेलो. मॅडम एसटीनं जाणार होत्या. मी म्हणालो, व्हॅन तिकडंच निघालीय. निघाली नव्हती.

तिचे वडील भरमाप्पा. त्यांचं घर म्हणजे पुढच्या खोलीत कारखाना. पैंजणाच्या कड्या जोडायचं काम. नवरा, बायको, पोरगी तिघंही करतात. भरमाप्पा मान वर न करता म्हणाले, "बसा पावणं." मॅडम सरळ जमिनीवर बसल्या, मांडी घालून. काय सहज बसल्या! सतरंजी नव्हती, तरी.

मॅडमनी सगळं समजावलं. दाखला मिळाला तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, म्हणजे शांभवी सांगणार आणि दुसरं कुणीतरी लिहिणार. भरमाप्पांनी चिमटा खाली ठेवला. "पोरगी माझी धडधाकट. कागदावर अपंग म्हणून लिहून आणू व्हय? उद्या स्थळ आलं तर काय दाखवू, कागद?"

तिची आई शांतव्वा म्हणाली, "नापास झाली तर स्थळ येतंय व्हय हो?"

"तू गप."

"मी गप बसते. पोरगीला इचारा की."

शांभवी म्हणाली, "मला पास व्हायचंय अप्पा. मला पुढं शिकायचंय. मला सगळं येतंय, नुसतं हातातनं येत न्हाय."

भरमाप्पा बराच वेळ कड्या जोडत राहिले. मग एकच अट घातली, गल्लीत कळता कामा नये. मॅडम म्हणाल्या, "ही गोष्ट शाळा, दवाखाना, बोर्ड आणि आपण, एवढ्यातच राहील. माझा शब्द." असं म्हणताना त्यांनी केस कानामागं सारले. येताना व्हॅनमध्ये त्या खिडकीकडं बसल्या होत्या. कोल्हापूर येऊच नये असं वाटत होतं.

११ डिसेंबर

दवाखान्याची तिसरी फेरी. आज डॉक्टर नाहीत, उद्या तपासणीचे कागद नाहीत. शांभवीची शाळा बुडते, भरमाप्पांचं काम बुडतं. खिडकीतला माणूस तिच्याकडं बघून म्हणाला, "दिसाय तर चांगली हाय की. हिला कशाला दाखला?" माझा हात खिडकीतून आत गेला होता, त्याच्या कॉलरपर्यंत. मॅडमनी मला चहा आणायला पाठवलं. चहा घेऊन आलो तर काम झालेलं, तारीख मिळालेली. म्हणजे माझा धाक बसला असणार.

१९ डिसेंबर

दाखला मिळाला. शाळेनं प्रस्ताव बोर्डाकडं पाठवला. मुदतीच्या आत, पण माझी नखं संपली.

२८ डिसेंबर

रविवारी शांभवीचा सराव घेतो. मॅडमनी सांगितलं, लेखनिकाला सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, त्याची सवय लागते. मी म्हणालो, परीक्षेला मीच बसतो की लिहायला. तर म्हणाल्या, "लेखनिक तिच्यापेक्षा खालच्या वर्गातला लागतो. तुम्ही दहावी पास झालात, तिथंच चुकलं." मॅडमनी माझी चेष्टा केली! हुपरीपासून कोल्हापूरपर्यंत एकटाच हसत आलो.

आज शांभवीनं सगळं उत्तर एका दमात सांगितलं. मी ओरडलो, "अगं मी काय मशीन हाय? पूर्णविराम सांग, नवी ओळ सांग."

"तुम्ही सावकाश लिहिता त्याला मी काय करू? आणि दादा, तुमचं अक्षर माझ्यापेक्षा घाण हाय."

"मग लिही की तूच."

"लिहिलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" आणि वर हळूच, "मॅडम यायच्या असल्या की तुम्ही सेंट मारून येता. आज न्हाय मारला."

खरी लेखनिक ठरलीय, नववीतली वर्षाराणी. पुढच्या महिन्यापासून ती येईल. तोवर मी. मॅडम म्हणतात तेवढी शांभवी शिकवायला अवघड नाही. चिडली की जास्त नीट सांगते, म्हणून मी मुद्दाम चिडवतो.

२२ जानेवारी

मंजुरी आली! जादा वेळ मंजूर, लेखनिक मंजूर. मॅडमचा फोन. "कृष्णात, तुमचीही मदत झाली." कृष्णात म्हणाल्या. पहिल्यांदा.

२४ जानेवारी

फोन करून बोलायचं धाडस होत नाही. समोर गेलो की जीभ अडकते. पण मला जे येतं ते कुणाला येत नाही. सव्वीस जानेवारीला हुपरीच्या चौकात मॅडमचं डिजिटल लावायचं. गावात आजवर नगरसेवकाच्या मेहुण्याचं लागतं, कुत्र्याच्या वाढदिवसाचं लागतं, आणि जी बाई कायद्यानं एका पोरीला न्याय मिळवून देते तिचं नाही? हे मला सहन होत नाही.

शाळेत जाऊन शांभवीचा फोटो मागितला. हंबीरराव सरांनी लगेच दिला, आणि स्वतःचाही दिला. म्हणाले, "माझा जरा वरच्या बाजूला घे." मॅडमचा फोटो त्यांच्या व्हॉट्सअॅपवरचा घेतला. त्यात खांद्यावर कुणाचा तरी हात आहे, पुरुषाचा. भाऊ असेल. तो कापला. मागं सोनेरी किरणं टाकली. मॅडमचा फोटो मोठा, मधोमध. शांभवीचा खाली डाव्या कोपऱ्यात, फेटा चढवून. मजकूर:

'वाचता-लिहिता येत नसतानाही दहावीच्या परीक्षेत सवलत मिळवणारी हुपरीची कन्या कु. शांभवी, आणि तिला कायद्याने न्याय मिळवून देणाऱ्या मा. अनुजा मॅडम यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: कृष्णात आणि मित्रपरिवार.'

मित्रपरिवारात कुणी नाही, पण नुसतं कृष्णात बरं दिसत नाही. मालक म्हणाले, "काय रे, ह्या बाई निवडणुकीला उभ्या हायत व्हय?"

२६ जानेवारी

सकाळी झेंडावंदनाच्या आधी बांधलं. वारा होता, तरी ताठ बसलं. रस्त्याच्या पलीकडून बघितलं. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम.

मॅडमना फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. भारावल्या असतील.

२७ जानेवारी

मॅडमचा फोन आला. "कृष्णात, ते उतरवा. आत्ता."

मी म्हणालो, "का मॅडम? फोटो बरोबर नाही आला?"

"त्या मुलीचं नाव तिथं का आहे?"

"कळू दे की लोकांना! त्यात लाजायचं काय? तुम्हीच प्रशिक्षणात म्हणता, हा काही दोष नाही."

मग म्हणाल्या, "तुम्ही त्या खोलीत होतात ना, मी त्यांना शब्द दिला तेव्हा?"

होतो. तिथंच होतो. मला त्यांचे केस कानामागं सारणं आठवतंय. शब्द आठवत नव्हता.

भर दुपारी चौकात जाऊन दोऱ्या कापल्या. पानपट्टीवरची टोळकी मोठ्यानं वाचतच होती. "वाचता-लिहिता येत नसतानाही! आयला, आपण पण अर्ज करू या की." एकजण मला म्हणाला, "काय पावणं, इतक्यात उतरवलासा? दुसऱ्याचा वाढदिवस हाय व्हय?" मी त्याच्या अंगावर गेलो. दोघांनी धरलं. बोर्ड खाली पडला तो शांभवीच्या बाजूनं, आणि एक एसटी वळली ती त्याच्यावरून.

३ फेब्रुवारी

शांभवी शाळेत जात नाही. वर्गात पोरांनी फळ्यावर उलटी अक्षरं काढून ठेवली होती म्हणे. भरमाप्पांनी हंबीरराव सरांकडं अर्ज दिलाय: आम्हाला कसलीही सवलत नको, बोर्डाला कळवा. आणि घरात सांगितलंय, परीक्षेला पाठवायचं की नाही ते पण बघू.

सव्वादोन आठवडे राहिलेत. मी सरांकडं गेलो. म्हणालो, "हा तिचा हक्क हाय. कायदा हाय. तुम्ही तो अर्ज पुढं पाठवायचा न्हाय."

सर म्हणाले, "पालकांची इच्छा. आणि फोटो मागाय आलतास तवा तुझा कायदा कुठं गेलता?"

"तुम्ही दिला की फोटो! स्वतःचा पण दिला!"

"आवाज खाली. शाळा हाय ही."

कोण चुकलं हे ठरवायला बसलो तर रात्र पुरायची नाही. पण चूक एकट्या माझी कशी? मी चांगलंच करायला गेलो होतो. वाईट करायला जाणारे लोक मोकळे फिरतात आणि माझ्यावर सगळे चिडलेत.

६ फेब्रुवारी

जाहीर माफीचं डिजिटल केलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं, किरणं नाहीत. 'कु. शांभवी हिची मी जाहीर माफी मागतो.' छापण्याआधी मोबाइलवर शांतव्वाला दाखवायला गेलो. त्या बाजारातून येत होत्या, रस्त्यातच गाठलं. त्यांनी पिशवी खाली ठेवून मोबाइल हातात घेतला.

"अय्यो, परत नाव लावतोस व्हय रे चौकात?"

"माफीचं हाय मावशी."

"लोकं काय बघणार? नाव बघणार. माझ्या पोरीचं नाव किती वेळा टांगणार तू?"

मी पुसून टाकलं. तिथंच, त्यांच्यासमोर. मग त्यांनी पिशवीतली मेथी सारखी केली आणि म्हणाल्या, "रविवारी मॅडम येणार हायत. तू येऊ नको."

८ फेब्रुवारी

गेलो.

न जाऊन कसं चाललं असतं? मॅडम एकट्या भरमाप्पांसमोर कशा टिकणार, कलमं कोण सांगणार, असं मनात होतं. मॅडमनी मला फक्त बघितलं. मी भिंतीला टेकून बसलो. वर्षाराणी पॅड मांडीवर घेऊन कोपऱ्यात होती. मॅडम आल्यात म्हणून गल्लीतली निम्मी माणसं उंबऱ्याबाहेर उभी, पोरं तर दारातच चढलेली.

मॅडम भरमाप्पांना म्हणाल्या, "मी शब्द दिला होता. तो मोडला. माझ्या माणसाकडून मोडला म्हणजे माझ्याकडूनच मोडला. तुम्ही रागावलात ते योग्य आहे. पण तुमचा अर्ज सरांनी अजून पुढं पाठवलेला नाही. ठरवायचं ते शांभवीला ठरवू द्या."

माझ्या माणसाकडून. हे ऐकून मला आनंद झाला, आणि लगेच लाजही वाटली.

भरमाप्पा म्हणाले, "तिनं काय ठरवायचं? गावात फिरायचं बंद झालंय तिचं."

माझ्यानं राहवलं नाही. "भरमाप्पा, कायद्यानं तुम्हाला असं अडवता येत न्हाय. कलम सोळा…"

"दादा, गप बसा की!"

शांभवी होती. एवढ्या मोठ्यानं तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"अप्पा, सगळ्या गावानं वाचलंय. आता लपवायला काय राहिलंय? सवलत सोडली म्हणून गाव विसरणार हाय व्हय? वर आणि नापास झाले की म्हणतील, बघा, बोर्ड खरं सांगत होता." तिचा श्वास फुलला होता. "मी परीक्षेला बसणार. वर्षाराणी लिहिणार. जादा वेळ पण घेणार, सगळा घेणार. तो मला मिळालेला हाय. पण हे नकोत."

बोट माझ्याकडं होतं.

"मला परीक्षेला सोडायला नकोत, आणायला नकोत. निकालाला नकोत. आमच्या घरात पण नकोत. मी पास झाले तरी ह्यांनी काय करायचं न्हाय. काय सुद्धा न्हाय."

भरमाप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग शांतव्वाकडं. शांतव्वा म्हणाल्या, "इचारलंय तर ऐका आता." भरमाप्पांनी समोरचा कड्यांचा ढीग हातानं बाजूला सारला. तिथं वर्षाराणीला बसायला जागा झाली.

माझ्याकडं सांगायला पुष्कळ होतं. रविवार मी घालवले होते. नखं माझी संपली होती. दवाखान्यात मी भांडलो होतो. मॅडम यातलं काहीतरी म्हणतील म्हणून मी थांबलो. मॅडमनी सरावाची प्रश्नपत्रिका उघडली आणि वर्षाराणीला विचारलं, "पेन दोन आहेत ना?"

शांभवी सांगायला लागली. "प्रश्न दुसरा. नवी ओळ." पण तिची नजर दारावर होती. तिथं वीस डोळे तिच्या तोंडाकडं बघत होते, एका पोराचा मोबाइल वर झाला होता. तिचा आवाज बसला. वर्षाराणीनं विचारलं, "काय म्हणालीस?" तिनं परत सांगितलं, त्याहून हळू.

मी उठलो. ती बोलायची थांबली. तिला वाटलं असणार, हा आता काहीतरी करणार.

दारातल्या पोरांना हातानं मागं ढकललं, मोबाइल खाली करायला लावला, सगळ्यांना पायरीखाली उतरवलं. कुणावर ओरडलो नाही. मग मीही उंबरा ओलांडला, आणि बाहेरून दार ओढून घेतलं.